घरच्या घरी व्हील अलाइनमेंट: दोरी, ओळंबा आणि स्टीलची पट्टी

चाकाचा टो, म्हणजे वरून पाहताना चाक सरळ दिशेपासून आत किंवा बाहेर किती वळलंय तो कोन, अर्ध्या अंशाने चुकला असेल, तर दर किलोमीटरमागे ते चाक जवळपास पावणेनऊ मीटर आडवं घासलं जातं. डोळ्यांना हा अर्धा अंश दिसत नाही, टायर मात्र त्यानेच झिजतो. १५ इंची रिमच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत मोजलं, तर हाच अर्धा अंश साडेतीन मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त भरतो. साडेतीन मिलिमीटर मोजायला कॅमेरे आणि संगणक लागत नाहीत. स्टीलची पट्टी, ताणलेली दोरी आणि धीर पुरतो.

घरी मोजताना आकडा चुकतो तो बहुतेक वेळा साधन स्वस्त म्हणून नव्हे. गाडी नीट बसलेली नसते, जमीन तिरकी असते, रिम वाकडी असते, किंवा पट्टी कुठून कुठे धरायची हेच ठरलेलं नसतं. म्हणून सगळा भर एकाच गोष्टीवर ठेवा: काहीही न बदलता गाडी थोडी पुढे-मागे करून पुन्हा मोजली, तर आकडा तोच आला पाहिजे. तो येईपर्यंत टाय रॉडला, म्हणजे स्टीअरिंगचं वळण चाकापर्यंत पोचवणाऱ्या दांड्याला, पाना लावायचा नाही.

तीन कोन आणि एक गुणाकार

चालताना पायांचे चवडे आत वळले की टो-इन, बाहेर फाकले की टो-आउट. चाकांचंही तसंच. गाडीकडे समोरून पाहताना चाकाचा माथा गाडीकडे कलला असेल तर कॅम्बर ऋण, बाहेर कलला असेल तर धन. स्टीअरिंग फिरवताना चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष बाजूने पाहताना मागे किती कललाय ते कॅस्टर. टायर सगळ्यात जास्त खातो तो टो, आणि नशिबाने घरी सगळ्यात नीट मोजता येतो तोही टोच. कॅम्बर बऱ्यापैकी जमतो. कॅस्टर घरी मोजला तर तो डावी-उजवी बाजू ताडून बघण्यापुरता धरावा.

गाडीच्या पुस्तिकेत टो कधी अंशात असतो, कधी मिलिमीटरमध्ये. मिलिमीटरमध्ये असेल तर तो रिमच्या कडेवर धरलाय की टायरच्या बाहेरच्या व्यासावर, हे आधी बघा. दोन्हींत दीडपट फरक पडू शकतो. शक्यतो सगळं अंशात आणूनच तुलना करा. त्यासाठी रिमचं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं माप घ्या आणि ०.०१७४५ ने गुणा; एका अंशाला किती मिलिमीटर ते मिळतं. १४ इंची रिमची कड साधारण ३९१ मिमी भरते, म्हणजे अंशाला ६.८ मिमी. १५ इंचीची ४१६, म्हणजे ७.३. १६ इंचीची ४४१, म्हणजे ७.७. १७ इंचीची ४६७, म्हणजे ८.१. रिमवर लिहिलेला इंचाचा आकडा टायर बसतो त्या जागेचा असतो, कडेचा नव्हे. म्हणून १५ गुणिले २५.४ करून काम भागत नाही.

१५ इंची चाकावर १ मिमी म्हणजे ०.१४ अंश, जवळपास ८ मिनिटं (एका अंशाची ६० मिनिटं). पट्टीवर अर्धा मिलिमीटर नीट वाचता आला तर ४ मिनिटांपर्यंत पोचलात. रोजच्या वापराच्या गाडीला तेवढं भरपूर झालं.

मोजण्याआधी

ढिल्या सांध्यांच्या गाडीचं अलाइनमेंट मोजणं म्हणजे हलत्या तराजूवर वजन करणं. पुढचं चाक उचला, गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवा आणि चाक घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरून हलवा. टक-टक जाणवली तर टाय रॉडचा सांधा किंवा स्टीअरिंग रॅक (टाय रॉडना डावी-उजवीकडे सरकवणारा दांडा) बघा. १२ आणि ६ च्या जागी धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) नाही तर बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा: खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर जॉइंट. कंट्रोल आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश फाटलेत का तेही टॉर्च मारून पाहा. यातलं काही सापडलं तर आधी ते बदला. नाहीतर आज लावलेला टो पहिल्या खड्ड्यात हलेल.

मग चारही टायरमध्ये ठरलेली हवा, तीही टायर थंड असताना. एका बाजूला हवा कमी असेल तर ती बाजू बसते आणि कॅम्बर बिघडलेला दिसतो. डिकीतलं जास्तीचं सामान काढा, इंधन पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ठेवा. टायरवरून तळहात आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागत असेल तर टो चुकलाय. टायरची एकच कड (खांदा) सरळ झिजली असेल तर संशय आधी कॅम्बरवर.

जमीन आणि गाडीची बैठक

टोसाठी जमीन अगदी पाण्यासारखी सपाट नसली तरी चालतं, कॅम्बरसाठी नाही. डाव्या-उजव्या चाकांत १५०० मिमी अंतर असेल आणि एक बाजू ५ मिमी खाली असेल, तर एका चाकाचा कॅम्बर ०.१९ अंशाने जास्त आणि दुसऱ्याचा तेवढ्यानेच कमी दिसतो. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाणी भरून घ्या, बुडबुडे पूर्ण काढा आणि चारही चाकांच्या जागा एकमेकांशी ताडून पाहा. नळीतलं पाणी खोटं बोलत नाही, आणि चार-पाच मीटरच्या अंतरावर ते बहुतेक साध्या पाणसळींपेक्षा बारीक फरक दाखवतं. जिथे कमी तिथे प्लायवूडचे तुकडे किंवा विनाइलच्या फरश्या घालून उंची सारखी करा. मग त्या जागांवर रंगाने खूण करून ठेवा. पुढच्या वेळी अर्धं काम वाचतं.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. गाडी जॅकवर उचलली की चाकं खाली लोंबतात आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर बदलतं. गाडी परत खाली टेकवली की टायर जमिनीला चिकटून बसतात, पसरत नाहीत. सस्पेन्शन मग आखडलेलंच राहतं. त्या अवस्थेत घेतलेला कॅम्बर आणि टो दोन्ही खोटे. म्हणून जॅकवरून उतरवल्यावर गाडी किमान तीन मीटर पुढे ढकला, बंपर दोन-तीनदा दाबून सोडा आणि शेवटची हालचाल नेहमी पुढच्या दिशेची ठेवा. मागे ढकलून थांबवलं तर रबरी बुशवर उलटा ताण येतो आणि टो वेगळा दिसतो. पायाने करकचून ब्रेक लावू नका. गाडी आपोआप थांबू द्या आणि मग चाकाला लाकडी ठोकळा लावा.

दर वेळी ढकलणं टाळायचं असेल तर घसरपट्ट्या करा. विनाइलच्या दोन गुळगुळीत फरश्या, तोंडाला तोंड, मध्ये ग्रीसचा पातळ थर. असे दोन संच पुढच्या चाकांखाली. चाक त्यावर उभं राहिलं की स्वतःची जागा स्वतः शोधतं, आणि टाय रॉड फिरवला की लगेच वळतं. मागच्या चाकांखाली तेवढ्याच जाडीचं काहीतरी घाला, नाहीतर गाडी मागे झुकून कॅस्टर बदलेल. सिरॅमिकच्या चकचकीत फरश्याही घसरतात, पण खाली खडा राहिला तर वजनाने तडकतात.

दोरीची चौकट

एकच साधन करायचं असेल तर हे करा. प्रत्येक चाकाचा टो वेगवेगळा सांगणारं आणि मागच्या चाकांची दिशाही दाखवणारं स्वस्त साधन हे एकच.

लागतं इतकंच: गाडीच्या रुंदीपेक्षा ३० ते ४० सेंटिमीटर लांब असे दोन सरळ पाईप, टेकवायला चार घोड्या किंवा सारख्या उंचीची स्टुलं, बारीक विणलेली नायलॉनची दोरी किंवा मासेमारीची तार, आणि पाणी भरलेल्या, एकेक लिटरच्या चार बाटल्या. स्टीलची पट्टी अशी घ्या जिचा शून्य अगदी टोकावर आहे. प्लॅस्टिकच्या पट्टीत शून्याआधी थोडी जागा सुटलेली असते, ती वापरू नका.

दोन्ही पाईप एकत्र घट्ट बांधा आणि दोन्हींवर एकदमच खाचा करा, दोन टोकांना एकेक. वेगवेगळं मोजून खाचा पाडल्या तर दोन दोऱ्या एकमेकींना समांतर राहणार नाहीत, आणि सगळा खेळ त्यावरच आहे. एक पाईप पुढच्या बंपरपासून थोडा पुढे, दुसरा मागच्या बंपरपासून थोडा मागे, दोन्ही चाकाच्या मध्याच्या उंचीवर ठेवा. खाचांतून दोऱ्या सोडा आणि टोकांना बाटल्या लटकवा. बाटलीचं वजन सारखं असल्याने ताणही सारखा राहतो, गाठी आवळत बसावं लागत नाही. दोरी कुठे बॉडीला, मडफ्लॅपला किंवा टायरच्या फुगवट्याला टेकत नाही ना, हे एकदा खाली बसून बघा.

आता चौकट गाडीच्या मध्यावर आणायची. हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मध्यापासून दोरीपर्यंत मोजा. पुढचं डावं आणि पुढचं उजवं अंतर सारखं हवं. मागचं डावं आणि मागचं उजवं सारखं हवं. पुढचं आणि मागचं मात्र एकमेकांशी सारखं असण्याची गरज नाही. कितीतरी गाड्यांची पुढची आणि मागची चाकं कमी-जास्त रुंदीवर असतात, आणि इथेच नवखे लोक दोऱ्या तिरक्या लावून बसतात. पुढचा पाईप सरकवला की मागचं अंतरही थोडं बदलतं, म्हणून दोन-तीन फेऱ्या होतात. प्लॅस्टिकचं हब कॅप तिरकं बसलेलं असू शकतं. ते काढून धातूच्या सपाट भागावरूनच मोजा.

इथे फार घाबरायचं कारण नाही. साडेचार मीटर लांबीच्या चौकटीत पाईपचं एक टोक १ मिमी चुकलं तर कोनात चूक होते फक्त ०.०१३ अंशाची. लांब दोरीचा हा मोठा फायदा. खरी काळजी घ्यायची ती रिमजवळ, कारण तिथे १ मिमी म्हणजे ०.१४ अंश.

स्टीअरिंग व्हील नाकासमोर सरळ करून पट्ट्याने किंवा दोरीने सीटला बांधून ठेवा. मग पट्टीचं टोक रिमच्या कडेला, हबच्या उंचीवर, आधी पुढच्या आणि मग मागच्या बाजूला लावा. पट्टी दोरीच्या खालून आणा, दोरीला टेकवू नका. हलका स्पर्शसुद्धा दोरी अर्धा मिलिमीटर सरकवतो. डोळा बरोबर दोरीच्या वर हवा. पट्टीवर छोटा आरसा ठेवला आणि दोरीने स्वतःचं प्रतिबिंब झाकलं की तुमची नजर सरळ आहे असं समजा.

दोरी बाहेरून जाते, म्हणून रिमची पुढची कड दोरीपासून जास्त लांब असेल तर टो-इन. समजा डाव्या चाकाला पुढे ९२ मिमी आणि मागे ९१ मिमी आलं: १ मिमी टो-इन. उजव्याला पुढे ९०.५ आणि मागे ९१.५: १ मिमी टो-आउट. दोन्ही मिळून टो शून्य. फक्त एकूण टो मोजणारं साधन इथे 'सगळं ठीक' म्हणेल. प्रत्यक्षात दोन्ही चाकं उजवीकडे बघतायत, आणि सरळ रस्त्यावर चालकाला स्टीअरिंग जरा डावीकडे धरूनच गाडी चालवावी लागतेय. टायर झिजणार नाहीत, पण स्टीअरिंग वाकडं दिसणार.

मागच्या चाकांचंही असंच वाचा. मागचं डावं २ मिमी टो-इन आणि उजवं शून्य असेल तर १५ इंची चाकावर फरक ०.२८ अंशाचा. त्याचा निम्मा, ०.१४ अंश, इतक्या कोनाने मागचा ॲक्सल गाडीला उजवीकडे ढकलतोय. गाडी तिरकी चालते आणि स्टीअरिंग उजवीकडे धरावं लागतं. अशा वेळी पुढच्या टाय रॉडला दोष देण्यात अर्थ नाही.

रिम वाकडी असेल तर

खड्ड्यातून गेलेली रिम थोडीफार वाकलेली असतेच. चाक उचलून फिरवा आणि रिमच्या कडेजवळ एक स्थिर टोक धरा. एखाद्या ठोकळ्यावर टेकवलेला स्क्रू ड्रायव्हर चालतो. फट कमी-जास्त होताना दिसली तर वाकडेपणा किती ते लगेच कळतं. १ मिमी वाकडी रिम सरळ ०.१४ अंशाचा खोटा टो दाखवू शकते.

उपाय सोपा आहे. रिमवर हबच्या उंचीवर पुढे आणि मागे खडूने खुणा करा, त्या खुणांवर मोजा. मग गाडी चाकाचा बरोबर अर्धा फेरा होईल इतकी पुढे ढकला. बहुतेक गाड्यांना हे साधारण एक मीटर भरतं. खुणांनी जागा बदलल्या की पुन्हा चौकट लावून मोजा आणि दोन्ही टोंची सरासरी काढा. रिमचा वाकडेपणा एकदा अधिक आणि एकदा उणे येतो, सरासरीत तो पुसला जातो.

याच तत्त्वावर फक्त टेपने एकूण टो मोजता येतो. पुढच्या दोन्ही टायरच्या मागच्या बाजूला, शक्य तितक्या हबच्या उंचीवर, बारीक खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर घ्या. गाडी पुढे ढकलून त्याच खुणा पुढच्या बाजूला, तेवढ्याच उंचीवर आणा आणि पुन्हा अंतर घ्या. मागचं अंतर वजा पुढचं अंतर म्हणजे एकूण टो-इन. खुणा त्याच असल्याने टायर किंवा रिम कितीही वाकडी असली तरी फरक पडत नाही. अडचण एकच: हबच्या उंचीवर टेप जायला इंजिनाखाली वाट नसते. खाली जावं तसा मोजलेला फरक खऱ्यापेक्षा कमी येतो, म्हणून खूण नेमकी किती उंचीवर आहे आणि तिथे टायरची पुढची-मागची रुंदी किती, हे मोजून तेवढ्याच लांबीवर कोन काढा.

दोन पाट्या आणि दोन टेप

घाईच्या कामाला ही पद्धत सोयीची. ६५० मिमी लांबीच्या दोन ताठ पाट्या घ्या; जाड ॲल्युमिनियम उत्तम, १८ मिमी प्लायवूडही चालतं, पण ते सरळ आहे का हे आधी ताठ पट्टीवर तपासा. दोन्ही पाट्या एकत्र धरून टोकांजवळ, जमिनीपासून थोड्या उंचीवर, ६०० मिमी अंतरावर दोन उभ्या खाचा पाडा. पाट्या पुढच्या दोन्ही चाकांना बाहेरून टेकवा, खाचांतून एक टेप चाकांच्या पुढून आणि एक मागून न्या. मागचा आकडा वजा पुढचा आकडा म्हणजे एकूण टो, ६०० मिमी लांबीवर. १ मिमी म्हणजे इथे ०.०९५ अंश.

दोन टेप नेहमी एकमेकांशी ताडून पाहा, एकच अंतर दोन्हींनी मोजून. टेपचा हुक मुद्दामच थोडा सैल असतो आणि दोन टेपमध्ये तो सारखा सैल नसतो. हुकाऐवजी १०० च्या खुणेवरून मोजलं तर ही कटकट मिटते. टायरवर उठावाची अक्षरं किंवा कडा फुगलेल्या असतील तर पाटी डुगडुगते. पाटीला रिमवर टेकणारे तीन सारख्या लांबीचे बोल्ट बसवा. प्रत्येक चाकाचा वेगळा टो या पद्धतीत कळत नाही, हे विसरू नका.

रिमला लेझर बांधून दूरच्या भिंतीवर ठिपका पाहण्याची कल्पना आकर्षक वाटते, कारण ३ मीटरवर ०.१ अंशाला ठिपका ५ मिमी सरकतो. पण लेझर ज्या पट्टीवर बसवला ती पट्टी चाकाशी किती समांतर, हा प्रश्न तसाच राहतो, आणि तोही तेवढाच मोठा होऊन दिसतो. उचललेलं चाक फिरवून ठिपक्याचं वर्तुळ काढलं आणि त्याचा मध्य धरला तरच त्या आकड्याला किंमत. दोरी हाताशी असताना एवढा खटाटोप करावासा वाटत नाही. केलात तर ठिपका डोळ्यांच्या उंचीवर येणार नाही हे बघा.

कॅम्बर

२५ मिमी ॲल्युमिनियमची चौकोनी नळी, रिमच्या कडेपासून कडेपर्यंत पोचेल इतकी. तिला दोन टोकांना दोन लांब बोल्ट, कॅलिपरने मोजून अगदी सारखे बाहेर काढलेले. बोल्ट कशाला? टायर जमिनीजवळ फुगलेला असतो. नळी सरळ लावली तर ती फुगवट्यावर टेकते आणि कॅम्बर भलताच दिसतो. बोल्ट रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेवर टेकले की नळी टायरला न शिवता उभी राहते. तिच्यावर चुंबकवाला डिजिटल कोनमापक लावा. ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही, म्हणून नळीवर लोखंडी पट्टी चिकटवा.

कोनमापकावर विश्वास ठेवण्याआधी तो उलटवून पाहा. एका जागी आकडा घ्या, मापक १८० अंशात फिरवून त्याच जागी पुन्हा घ्या. खरा मापक तोच आकडा उलट चिन्हाने दाखवतो. एकदा ०.४ आणि एकदा उणे ०.२ आलं तर मापक ०.१ ने चुकतोय. मोबाईलमधल्या ॲपलाही हीच परीक्षा लावा, आणि मोबाईलचं कव्हर काढा; कॅमेऱ्याचा उंचवटा पट्टीला टेकू देऊ नका.

शून्य कुठे धरायचा? दोन्ही पुढच्या चाकांच्या टेकण्याच्या जागांना जोडणारी ताठ पट्टी जमिनीवर टाका आणि मापक तिच्यावर ठेवून शून्य करा. जमिनीचा उतार आपोआप वजा होतो.

कोनमापक नसेल तर ओळंबा. तो कधी बिघडत नाही आणि त्याला बॅटरीही लागत नाही. मडगार्डवर चिकटपट्टीने दोरा लावून ओळंबा चाकासमोर सोडा, तो स्थिर होऊ द्या. तळाशी पाण्याच्या भांड्यात बुडवला तर लवकर थांबतो. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोऱ्यापर्यंत मोजा. वरची फट ३ मिमी जास्त असेल तर १५ इंची रिमवर उणे ०.४१ अंश. जमिनीचा उतार इथे हाताने वजा करावा लागतो.

डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक आला आणि दोनदा मोजूनही राहिला, तर वाकलेला स्ट्रट (शॉक ॲब्सॉर्बरचा उभा खांब) किंवा कंट्रोल आर्म शोधा. पुष्कळ गाड्यांत पुढचा कॅम्बर मुळात बदलताच येत नाही, आणि तिथे अचानक आलेला फरक म्हणजे काहीतरी वाकलंय.

कॅस्टर, तुलनेपुरता

घसरपट्ट्या इथे लागतातच. चाकाशेजारी जमिनीवर खडूने सरळ रेघ मारा, तिच्यावर ६०० मिमी पुढे जाऊन २१८ मिमी आडवं जा. मिळाला तो २० अंशाचा कोन. आत आणि बाहेर दोन्ही बाजूंना आखा. ब्रेक दाबून धरायला कुणीतरी बसवा. चाक २० अंश बाहेर वळवून कॅम्बर घ्या, मग २० अंश आत वळवून घ्या. बाहेरच्या कॅम्बरमधून आतला वजा करा आणि १.४६ ने गुणा. बाहेर अधिक १.२ आणि आत उणे २.१ आलं तर फरक ३.३, कॅस्टर ४.८ अंश. कॅम्बरच्या वाचनातली प्रत्येक चूक इथे जवळपास दीडपट होते, म्हणून अर्ध्या अंशाच्या आतल्या फरकावर फार विचार करू नका.

टाय रॉड फिरवताना

क्रम असा: आधी मागची चाकं, मग पुढचा कॅस्टर, कॅम्बर, आणि सगळ्यात शेवटी पुढचा टो. कॅम्बर बदलला की टो बदलतोच, उलटं क्वचित. मागचा ॲक्सल जुळवता येत नसेल तर पुढची चाकं दोरीला नव्हे, मागच्या ढकलण्याच्या दिशेला समांतर लावा. दोरीच्या चौकटीतल्या मागच्या चाकांच्या उदाहरणात पुढच्या डाव्या चाकाला ०.१४ अंश टो-इन आणि उजव्याला तेवढाच टो-आउट जास्त द्यावा लागेल.

लॉक नट (टाय रॉड जागेवर आवळून धरणारा नट) सैल करण्याआधी टाय रॉड आणि नट दोघांवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. रबरी बूटचा (रॉडवरच्या रबरी आवरणाचा) क्लिप सैल करा, नाहीतर रॉडबरोबर बूट पिळवटतो आणि पुढच्या पावसात फाटून पाणी आत जातं. टाय रॉड ॲक्सलच्या मागे असेल तर तो लांब केल्याने टो-इन वाढतो. पुढे असेल तर उलट, टो-आउट. फिरवायला सुरुवात करण्याआधी वाकून एकदा खात्री करा.

किती फिरवायचं? रॉडच्या आट्यांचा पिच (एका पूर्ण फेऱ्यात रॉड जितका सरकतो ते अंतर) १.५ मिमी आणि स्टीअरिंग आर्मची (टाय रॉड ज्याला जोडलेला असतो त्या, चाकाकडच्या दांड्याची) लांबी १३० मिमी असेल, तर षटकोनी भागाचा एक पैलू फिरवल्यावर त्या चाकाचा टो ०.११ अंशाने बदलतो. म्हणजे १ मिमीची चूक सव्वा पैलूची. आपल्या गाडीचा पिच आणि आर्म वेगळे असतील, तेव्हा आधी एकच पैलू फिरवून पाहा, मोजा, आणि तो आकडा वहीत लिहून ठेवा. दोन्ही बाजूंना उघड्या दिसणाऱ्या आट्यांची संख्या बरीच वेगळी झाली तर थांबा; स्टीअरिंग रॅक मध्यावर नाही, किंवा एखादा भाग वाकलाय.

लॉक नट पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळताना रॉड दुसऱ्या पान्याने पकडून ठेवा. आवळताना रॉड हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यानंतरचाच आकडा खरा. गाडी पुन्हा तीन मीटर पुढे ढकला आणि मोजा. दोन वाचनांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा. स्टीअरिंगचा कोन ओळखणारा सेन्सर असलेल्या गाडीत स्टीअरिंगची सरळ जागा बदलली असेल तर तो पुन्हा शून्यावर आणावा लागतो. कसा ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा.

सगळे आकडे बरोबर असूनही सपाट रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढत असेल, तर पुन्हा टाय रॉडकडे वळू नका. पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावा. दिशेचा बाण असलेले टायर मात्र असे बदलू नयेत. ओढ बाजू बदलून दुसरीकडे गेली तर दोष टायरच्या बांधणीत आहे. तिथेच राहिली तर चाक उचलून हाताने फिरवा; सुटत नसलेला ब्रेक हाताला लगेच जाणवतो.